सतराव्या वर्षी मारलेला दगड चोविसाव्या वर्षी आडवा यावा का?

बांधावरून (रविवार, रात्री ९:१०)

मंडळी, नमस्कार. विषय घरचा आहे, म्हणून चार दिवस लिहू की नको असं चाललं होतं. पण भाच्याच्या तोंडाकडे बघवत नाही.

भाचा पोलीस भरतीत लागला. तीन वर्षं पहाटे साडेचारला उठून कॅनॉलच्या रस्त्याने पळायचा. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक मिळून मैदानीचे ५० गुण, त्यातले ४७ काढले त्याने. लेखीलाही बरे पडले. निवड यादीत नाव आलं तेव्हा बहिणीने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मग आला साक्षांकन नमुना. त्यात प्रश्न असतो : तुम्हाला कधी अटक झाली होती का, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का. ओसरीवर पेन हातात धरून पोरगा दोन तास बसला.

कारण सतरा वर्षांचा असताना, तालुका बंदच्या दिवशी, स्टँडबाहेर एसटीवर दगडफेक झाली तेव्हा हा त्या घोळक्यात होता. नुसता होता असं नाही, दगड मारला होता. ड्रायव्हरच्या बाजूची काच फुटली, ड्रायव्हरला लागलं. पंधरा-सोळा जणांवर गुन्हा दाखल झाला, त्यात हा सगळ्यांत लहान. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. परिविक्षा अधिकारी बाई (मुलाच्या घरची चौकशी करून मंडळाला अहवाल देतात त्या) घरी येऊन गेल्या, शाळेत चौकशी झाली आणि शेवटी समज देऊन त्याला सोडलं. सहा वर्षं झाली त्याला. आमच्या लेखी विषय तिथं संपला होता.

त्याच्या मित्रांनी सांगितलं, "नाही" लिही, कोण बघतंय. मी म्हटलं, पोलिसात जायचंय आणि पहिल्याच कागदावर खोटं लिहितोस? "होय" लिहायला लावलं ते मी. मंडळाच्या आदेशाची प्रतही जोडली. आता बाकीची पोरं प्रशिक्षण केंद्रात गेली आणि याच्या हातात नोटीस आली : चारित्र्य पडताळणीत गुन्हा आढळला आहे, आपली निवड रद्द का करू नये याचा खुलासा करा.

बहीण माझ्याशी नीट बोलत नाही. उघडपणे काही म्हणत नाही, पण भाऊबीजेला ताटात पैसे टाकले तर म्हणाली, "दादा, तुझं खरं बोलणं महाग पडलं."

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कायद्यात याला काही वाट आहे का? आणि कायदा बाजूला ठेवून तुम्हाला काय वाटतं? मिसरूड न फुटलेल्या वयात केलेल्या गोष्टीचा हिशोब किती वर्षं मागायचा?

---

ग्राउंड१६०० (रविवार, रात्री ९:४८)

काका, मी पण भरतीचीच तयारी करतोय. आमच्या अकॅडमीत सर पहिल्या दिवशी सांगतात : मोर्चा, रास्ता रोको, मिरवणुकीतली भांडणं, कुठंही उभं राहू नका, फोटोत सुद्धा दिसू नका. एक गुन्हा लागला की चार वर्षांचं ग्राउंड पाण्यात.

आमच्या बॅचच्या एकाने "नाही" लिहिलं होतं. त्याचंही प्रकरण तुमच्या भाच्यासारखंच, भांडणाचं. तो आज ड्युटीवर आहे. पण गावात कुणाशी वाकडं आलं की त्याला पहिली भीती तीच वाटते, की हा उद्या अर्ज करेल. पगार सुरू झाला, झोप नाही. भाच्याला सांगा, त्याने केलं ते बरोबरच केलं. माझ्यावर वेळ आली असती तर मी "होय" लिहिलं असतं का, ते मला खरंच सांगता येत नाही.

---

कोर्टकचेरी (रविवार, रात्री ११:०५)

बांधावरून, घाबरू नका. खुलाशाची मुदत मात्र चुकवू नका. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, बाल न्याय मंडळापुढेही उभा राहतो. सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही.

बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम २४ बघा. या कायद्याखाली ज्या मुलाचं प्रकरण हाताळलं गेलं, त्याला शिक्षेमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही. अपवाद एकच : सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी (म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेच्या) बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवून त्याला दोषी धरलं असेल, तर हे संरक्षण नाही. तुमच्या भाच्याचं प्रकरण त्याच्या जवळपासही जात नाही. त्याच कलमात पुढे अभिलेख नष्ट करण्याची तरतूद आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत अपिलाची मुदत किंवा सात वर्षं, त्याहून जास्त काळ हे कागद ठेवायचे नाहीत, असं म्हटलंय.

सगळ्यांत महत्त्वाचं कलम ७४ चं दुसरं उपकलम. निकाली निघालेल्या प्रकरणातला मुलाचा कोणताही अभिलेख पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करायचा नाही. शब्द इतके स्पष्ट आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात प्रलंबित प्रकरणंही घातली. म्हणजे तुमच्याकडे आलेल्या नोटिशीचा पायाच कच्चा आहे.

मग नाव वर आलं कसं? नियम असा आहे की गुन्हा निर्घृण नसेल, तर मुलाविरुद्ध प्रथम खबर अहवाल (एफआयआर) नोंदवायचा नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची. पण मोठ्या माणसांबरोबर मिळून गुन्हा केला असेल तर अहवाल नोंदवता येतो. मोर्चात, दंगलीत, मिरवणुकीत नेमकं हेच होतं. चाळीस वर्षांचा पुढारी आणि सतरा वर्षांचं पोरगं एकाच अहवालात येतात. पुढाऱ्याचा खटला दहा वर्षं रेंगाळतो आणि त्याच्या खाली पोराचं नाव जिवंत राहतं. पोराचं स्वतःचं प्रकरण केव्हाच मिटलेलं असतं.

खुलाशात दोन-तीन निकाल घाला. दिल्ली पोलीस विरुद्ध संदीप कुमार, २०११ : विशीतल्या पोराने जुनं प्रकरण लपवलं होतं, तरी सर्वोच्च न्यायालयाने नोकरी दिली. कोवळ्या वयातल्या लहानसहान चुकांसाठी जन्मभर गुन्हेगाराचा शिक्का मारू नये, असा त्याचा आशय. अवतार सिंग, २०१६, तीन न्यायमूर्तींचं पीठ : माहिती दडवणं वाईटच, पण तरुणपणी घोषणा दिल्या असल्या क्षुल्लक बाबी नोकरी देणाऱ्याला दुर्लक्षित करता येतात. याच निकालात दुसरी बाजूही आहे. उमेदवाराने सगळं खरं सांगितलं म्हणून त्याला घेतलंच पाहिजे असं बंधन नाही, पूर्वचरित्र तपासायचा हक्क खात्याला राहतो. हा मुद्दा तुमच्यासमोर ठेवला जाईल, तेव्हा तयारी ठेवा. आणि रमेश बिष्णोई, २०१९ : केंद्रीय दलातल्या भरतीचं प्रकरण, आरोपाच्या वेळी उमेदवार अल्पवयीन. न्यायालयाने नोकरी नाकारणं चूक ठरवलं.

मला विचाराल तर, "होय" लिहायला लावून तुम्ही भाच्याची केस मजबूत केलीत. बहिणीला सांगा.

---

निवृत्त_हवालदार (सोमवार, सकाळी ६:३०)

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी ठाण्यातली बाजू सांगतो. पस्तीस वर्षं खाकी घातली.

पडताळणीचा कागद ठाण्यात येतो तेव्हा तो साहेबांपुढे जायच्या आधी माझ्यासारख्या हवालदाराच्या टेबलावर येतो. मी रजिस्टर काढायचो, गावचा बीट अंमलदार काय म्हणतो ते विचारायचो आणि लिहायचो. नाव सापडलं आणि मी ते लिहिलं नाही, उद्या हाच पोरगा काही करून बसला, तर विचारणा मला होणार. लिहिलं तर कुणी विचारत नाही. म्हणून सगळे लिहितात. कलम ७४ मला नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका प्रशिक्षणात कळलं. तोवर किती पोरांच्या कागदावर मी "गुन्हा दाखल आहे" असं लिहिलं असेल, हिशोब नाही. ते आता मनात येतं.

पण एक बोलतो, राग मानू नका. बंदोबस्तात मी दगड खाल्लेत. दगड मारणारा सतरा वर्षांचा आहे की सत्तावीसचा, हे डोक्याला लागताना कळत नाही. आणि ज्याला उद्या लाठी हातात द्यायची, त्याचा हात पूर्वी कशावर उठला होता, हे खात्याला माहीत असावं असं मला अजूनही वाटतं. माहीत असावं, त्यावरून त्याला बाहेर काढावं असं नाही. मला विचाराल तर साहेबांनी पोराला समोर बसवावं, अर्धा तास बोलावं. कागदावरून माणूस कळत नाही.

---

शुभदा_म (सोमवार, दुपारी १:२०)

दादा, तुमच्या भाच्याला नोकरी मिळावी असं मलाही मनापासून वाटतं, हे आधी सांगते. आता जे लिहितेय ते मनाला लावून घेऊ नका.

२०१३ साली माझ्या वडिलांना एका सतरा वर्षांच्या मुलाने उडवलं. अण्णा गावातल्या दूध संकलन केंद्राचे सचिव होते. सकाळचं संकलन आटपून सायकलवरून घरी येत होते, सायकलच्या कॅरिअरला फॅट काढायच्या बाटल्यांची पेटी होती. मुलगा त्याच्या वडिलांची बुलेट घेऊन वळणावर आला. अण्णांच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आत रॉड घातला, तो आजही आहे. थंडीत तो दुखतो आणि ते बोलत नाहीत, मांडीवर हात फिरवत बसतात.

आठ दिवसांनी मुलाचे वडील गावातली चार माणसं घेऊन आले. दवाखान्याचं निम्मं बिल दिलं. त्या दिवशी आमच्या सोप्यात एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी होतं : पोराचं भविष्य आहे. अण्णा तेव्हा बावन्न वर्षांचे होते. केंद्राची नोकरी गेली, माझं डी.एड. अर्धवट राहिलं. त्या भविष्याबद्दल कुणी बोललं नाही.

तो मुलगा आता एकोणतीस वर्षांचा आहे. चौकात त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. आमच्या दारावरून जातो. मला त्याला तुरुंगात बघायचं नाही, त्याची निवडणूकही अडवायची नाही. त्याने एकदा आमच्या सोप्यात येऊन बसावं आणि अण्णांना विचारावं, पाय कसा आहे. बारा वर्षांत तो आलेला नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या पोस्टमध्ये एसटीचा ड्रायव्हर अर्ध्या वाक्यात आला आणि गेला. त्यांना किती लागलं होतं? ते कोण होते? तुम्ही किंवा भाचा कधी त्यांना भेटलात का?

---

बांधावरून (सोमवार, संध्याकाळी ७:५५)

ताई, नाही भेटलो.

तुमची पोस्ट दुपारीच वाचली, उत्तर द्यायला आत्ता बसलो. भाच्याला फोन करून विचारलं, ड्रायव्हरचं नाव काय होतं. त्याला माहीत नाही. मलाही नाही. मंडळाच्या आदेशात असेल. आम्ही तो आदेश इतक्यांदा झेरॉक्स केला, पण वाचला तो "समज देऊन सोडण्यात येत आहे" एवढ्याच ओळीसाठी.

---

कोथरूडकर (सोमवार, रात्री १०:१५)

इथे लिहावं की नाही हे ठरत नव्हतं, कारण माझं उदाहरण दगडफेकीपेक्षा फार वेगळं आहे. पण धाग्याचा प्रश्न वर्षांचा आहे, म्हणून लिहितो.

ऑगस्ट १९९४ मध्ये कोथरूडमध्ये एकाच घरातल्या सात जणांची हत्या झाली. पाच बाया, त्यातली एक गरोदर, आणि दोन मुलं. मी तेव्हा नोकरीला होतो. त्या महिन्याभरात आमच्या सोसायटीत घरोघरी लोखंडी जाळीची दारं बसली. आई दूधवाल्यालाही दार उघडेना. पुणं त्या आठवड्यात बदललं असं मी आजही म्हणतो.

१९९८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आणि मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने फाशीच्या त्या कैद्यांपैकी एकाला सोडलं. बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या शाळेच्या रजिस्टरवरून सिद्ध झालं की गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. खटला चालला तेव्हा तो विशीतला तरुण समजून चालला. बाल कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं, तो अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता, त्यातली बहुतेक फाशीच्या छायेत.

बातमी वाचली तेव्हा माझा पहिला विचार होता, कसं सोडू शकतात. मग निकालाबद्दल वाचलं. बारा वर्षांचं पोर असं करू शकतं का, हा धक्का न्यायाधीशांनाही बसलेला दिसतो. पण अशा अंदाजांवर निर्णय करता येत नाही, असं ते म्हणतात. वयाचा दावा कुठल्याही टप्प्यावर, शिक्षा कायम झाल्यावरही करता येतो, असं कायदा सांगतो.

माझा बारा वर्षांचा नातू शेजारच्या खोलीत झोपलाय. त्या घरातल्या दोन मुलांकडे बघून मला शिक्षा कमी वाटते, आणि नातवाकडे बघून अठ्ठावीस वर्षं अन्याय वाटतात. दोन्ही खरं वाटतं, आणि एकाने दुसरं खोडलं जात नाही. एवढंच लिहायचं होतं.

---

ग्राउंड१६०० (सोमवार, रात्री १०:४०)

आणि पुण्यातच मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला दोन इंजिनिअरांना गाडीने उडवलं, तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी जामीन आणि ३०० शब्दांचा निबंध. जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायची पोलिसांची मागणीही मंडळाने फेटाळली. आमच्या गावच्या पोराला एका काचेसाठी नोकरी मिळेना. कायदा एक आणि वकील वेगळे, असं आम्हाला दिसतं.

---

कोर्टकचेरी (सोमवार, रात्री ११:२०)

ग्राउंड१६००, राग समजतो. मंडळाने त्या मुलाला तीन दिवसांत निरीक्षणगृहात पाठवलं होतं, पुढे उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवून त्याला सोडलं, हेही लक्षात घ्या. मुलाच्या आई-वडिलांवर आणि डॉक्टरांवर रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, अटका झाल्या. मला त्या प्रकरणातलं सगळ्यांत वाईट तेच वाटतं. मुलाला काय शिक्षा झाली यापेक्षा, मोठ्यांनी त्याला काय शिकवलं.

शुभदाताई, तुमच्या वडिलांच्या बाबतीत घडलं ते आज घडलं असतं तर मुलाच्या वडिलांनाही उत्तर द्यावं लागलं असतं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही.

---

एल्बकाठी (मंगळवार, दुपारी २:१०)

मी गेली चौदा वर्षं हॅम्बुर्गला राहते. शुभदाताईंच्या पोस्टवरून इथलं सांगावंसं वाटलं.

जुलै २०२० मध्ये इथल्या न्यायालयात ब्रुनो डे या ९३ वर्षांच्या माणसाचा निकाल लागला. श्टुटहोफच्या नाझी छळछावणीत तो १९४४-४५ मध्ये पहारेकरी होता, तेव्हा वय सतरा-अठरा. म्हणून ९३ वर्षांच्या म्हाताऱ्याचा खटला बाल न्यायालयात चालला. ५,२३२ खुनांना साहाय्य केल्याबद्दल दोषी, शिक्षा दोन वर्षं आणि तीही स्थगित. म्हणजे एक दिवसही तुरुंग नाही. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये इट्झेहो गावच्या न्यायालयात त्याच छावणीची टंकलेखिका इर्मगार्ड फुर्श्नर, वय ९७, हिला १०,५०० हून अधिक खुनांना साहाय्य केल्याबद्दल दोषी धरलं. गुन्ह्याच्या वेळी ती अठरा-एकोणीसची. तिलाही दोन वर्षं स्थगित.

माझ्या ऑफिसात वाद झाले होते. एक जण म्हणाला, या वयात काय उपयोग. माझ्या शेजारच्या आजी मात्र रोज रेडिओवर बातमी ऐकायच्या. वाचलेले लोक, तेही नव्वदीतले, कोर्टात किंवा व्हिडिओवरून साक्ष देत होते. समोरच्याने काय पाहिलं, काय ऐकलं, हे त्याच्या तोंडून ऐकायला ते पंच्याहत्तर वर्षं थांबले होते. शिक्षा किती, याची विचारपूस त्यांच्यापैकी फार कुणी केल्याचं मी वाचलं नाही.

भाच्याचा दगड कुठे आणि ही छावणी कुठे, तुलना करत नाहीये. पण तुरुंग माफ करता येतो, सांगणं माफ करता येत नाही, हे मला इथे दिसलं.

---

तांब्याची_तार (मंगळवार, रात्री ११:५०)

हे नाव आजच घेतलं, या धाग्यासाठी. माझी नेहमीची आयडी वेगळी आहे. मी जालन्याकडचा, आता शिक्षक आहे.

मी सोळा वर्षांचा असताना आम्ही तिघं रात्री विहिरींवरच्या मोटारींची केबल कापायचो. नाल्यात नेऊन जाळायची. वरचं प्लास्टिक जळतं, काळा धूर येतो, डोळे चुरचुरतात, मग राखेतून तांबं उचलायचं. गरम असतानाच उचलायचो, घाई असायची. माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून चट्टा आहे, खडू धरताना रोज दिसतो. भंगारवाला किलोवर पैसे द्यायचा. चौथ्या वेळी धरले गेलो. निरीक्षणगृहात चाळीस दिवस होतो. सकाळी ओळीत बसून नाव पुकारायचे, आपापली ताटली धुऊन दाखवायला लागायची. तिथल्या परिविक्षा अधिकाऱ्यांनी मला दहावीचा अर्ज भरायला लावला, फी त्यांनी भरली. मी जो कोणी आहे तो त्या माणसामुळे आहे.

नोकरीच्या वेळी कुणी विचारलं नाही, कागद निघाला नाही. कायद्याने मी कोरा आहे. चौदा वर्षांनी, पहिल्या मुलीच्या वेळी, मला राहवेना. ज्यांची केबल दोनदा नेली त्या शेतकऱ्याकडे गेलो. बाजेवर बसले होते. मी सांगितलं, मी तो. वीस हजारांचं पाकीट पुढे केलं.

त्यांनी पाकिटाकडे बघितलं नाही. म्हणाले, "चल." वावरात नेलं. तिथं कापूस होता. "इथं मोसंबी होती. दोनशे झाडं. मे महिन्यात तू वायर नेली, नवी घ्यायला पैसे जुळेस्तोवर तीन आठवडे गेले. आंब्या बहाराची फळं गळाली, मग झाडं वाळली. दुसऱ्यांदा नेली तेव्हा थोरला रात्री विहिरीवर झोपायला लागला. बारावीला होता. नापास झाला, पुन्हा बसला नाही." थोरला तिथंच होता, फवारणीचा पंप पाठीवर होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो सरीत पुढे निघून गेला.

मी चोरी चार किलो तांब्याची समजत होतो. चौदा वर्षं माझ्या मनात तेवढाच आकडा होता.

त्यांनी मला माफ केलं नाही, तसं काही बोललेच नाहीत. पैसेही घेतले नाहीत. निघताना एवढं म्हणाले, "थोरल्याची पोरगी तुझ्या शाळेच्या गावाला येते पाचवीला. बघ तिच्याकडं." ती पोरगी आता नववीत आहे. गणित मी शिकवतो तिला, रविवारीही. थोरला अजून माझ्याशी बोलत नाही. ते त्याचं बरोबर आहे.

बांधावरून, माझा कागद निघाला असता तर मी आज शिक्षक नसतो, कदाचित नाल्यातच असतो. म्हणून भाच्याचा कागद फाडलाच पाहिजे, त्यासाठी वरच्या कोर्टापर्यंत जा. पण तो ड्रायव्हर शोधा. कागद फाटला की ते काम उरत नाही असं मला वाटायचं. मी चुकलो होतो.

---

निवृत्त_हवालदार (बुधवार, सकाळी ६:१०)

गुरुजी, पहाटे वाचलं. मी असली पोरं धरलीत, त्यांना पट्ट्याने मारलंयही. पुढं त्यांचं काय झालं, मी कधी पाहिलं नाही.

बांधावरून, ड्रायव्हरचं नाव जबाबात असणार. डेपोत चौकशी करा, जुने कंडक्टर सांगतील. जाताना पुढारी बरोबर नेऊ नका.

---

शुभदा_म (बुधवार, सकाळी ९:००)

गुरुजींची पोस्ट अण्णांना वाचून दाखवली. "ते थोरल्याचं परत वाच" म्हणाले.

---

बांधावरून (पुढचा मंगळवार, रात्री ८:३०)

उशीर झाला, माफ करा.

खुलासा दिला. वकीलसाहेबांनी फोनवर मसुदा सांगितला, एक पैसा घेतला नाही. कलम २४, ७४ आणि तिन्ही निकाल घातले. समक्ष सुनावणीची मागणी केली, हवालदार काकांनी सुचवलं तसं. तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली.

ड्रायव्हर सापडले. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, शेजारच्या तालुक्यात राहतात, दारात चार शेळ्या आहेत. रविवारी गेलो, भाचा आणि मी, मोटरसायकलवर. वाटेत भाचा एक शब्द बोलला नाही.

त्याने उभ्यानेच सांगितलं. ते ऐकत राहिले. मग शर्टाची बाही वर केली. कोपराखाली आडवी खूण, सात टाके पडले होते. म्हणाले, "इतके जण होते, कुणाचा दगड लागला ते मला कधी कळलं नाही. आज कळलं." मग स्वतःच बोलायला लागले. गाडीत त्रेचाळीस माणसं होती. हाताला रुमाल बांधून त्यांनी गाडी स्टँडात आत घेतली, कारण पुढच्या बाकावर बाळंतीण होती, दवाखान्यातून घरी चाललेली. पंचनाम्यासाठी रात्री अकरापर्यंत ठाण्यात बसून होते. त्यानंतर बंद म्हटलं की त्यांच्या पोटात कळ यायची. शेवटच्या वर्षांत कंट्रोलरला सांगून ते मुक्कामाची गाडी घ्यायचे, पहाटेच रस्ता मोकळा असताना निघता यावं म्हणून.

बाळंतिणीचं भाच्याला माहीत नव्हतं. तो खाली बसला.

काकूंनी चहा दिला. निघताना माझ्या मनात आलं की दोन ओळी लिहून मागाव्यात, सुनावणीला उपयोगी पडतील. मी खिशातला कागद काढायला हात घातला. भाच्याने माझा हात तसाच धरून ठेवला आणि चप्पल घालायला लागला.

ड्रायव्हर फाटकापर्यंत आले. भाच्याला विचारलं, सोळाशे मीटर किती वेळात काढतोस. त्याने सांगितलं. ते म्हणाले, "पाऊस यायच्या आत घरी पोचा."